सिस्टर, मला रडू येत नाही

प्रश्न : सिस्टर, नमस्कार. मी 27 वर्षांची, मूळची लातूर जिल्ह्यातली. पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात आयसीयूत स्टाफ नर्स आहे. बारावीनंतर काय करायचं ते ठरत नव्हतं. आत्या म्हणाली, नर्सिंग कर, घरी बसायची वेळ येणार नाही. म्हणून जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केला. काम मला जमतं. पण ड्युटी संपली की माझ्यासाठी ती संपलेली असते. बसमध्ये जागा मिळाली की मी मोबाइलवर मालिका लावते. माझी रूममेट माझ्याच आयसीयूत आहे. पेशंट गेला की ती बाथरूममध्ये जाऊन रडते, त्या दिवशी जेवत नाही. मला रडू येत नाही.

गेल्या 12 मेला आमच्याकडे परिचारिका दिनाचा कार्यक्रम झाला. पाहुणे म्हणाले, ‘ही नोकरी नाही, हे व्रत आहे. ज्यांना आतून हाक येत नाही, त्यांनी इकडे येऊ नये.’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. रात्री झोप लागली नाही. सध्या मी जर्मन शिकतेय. बी-वन ही पातळी झाली, पुढची बी-टू चालू आहे. कारण लपवत नाही, पैसे. घरावर कर्ज आहे, धाकट्या भावाचं शिक्षण आहे. आमच्या जर्मनच्या मॅडमनी परवा सांगितलं की तिकडे व्यवसायाला ‘बेरूफ’ म्हणतात आणि त्या शब्दातच ‘हाक मारणं’ आहे. मला तर कुणी कधी हाक मारली नाही. मी चुकीच्या जागी आहे का? माझ्यासारखीनं पेशंटच्या अंगाला हात लावावा का?
— आयसीयूतली एक, पुणे

उत्तर : तुझं पत्र चार पानांचं होतं, इथे कमी करून छापलंय. त्या चार पानांत तुझ्या मनाबद्दल भरपूर आहे आणि पेशंटबद्दल एकच ओळ : ‘काम मला जमतं.’ मला त्या ओळीबद्दल जास्त विचारायचंय. तुझ्या बेडवरच्या माणसाच्या टाचा कधी उचलून बघतेस का, लाल झाल्यात का ते? व्हेंटिलेटरवर असलेल्याची माउथ केअर झाली असं चार्टवर लिहितेस, तेव्हा ती खरंच झालेली असते का? सकाळी पुढच्या पाळीला ओव्हर देताना युरिनचा आकडा पिशवी बघून सांगतेस की आदल्या तासाचा आकडा बघून? या तिन्हीची उत्तरं तुझ्यापाशीच ठेव. तू योग्य जागी आहेस का, हे ठरवायला मला तरी दुसरी परीक्षा माहीत नाही.

आता माझं ऐक. 1978 साली मी अठरा वर्षांची होते. माहेर कराडच्या पलीकडचं, वडील साखर कारखान्यात हंगामी. ते अचानक गेले, आणि चार भावंडांत मी थोरली. मास्तरीण व्हायचं मनात होतं, पण डीएडला पैसे भरायचे होते. नर्सिंगला वसतिगृह होतं, दोन वेळचं जेवण होतं आणि वर दर महिन्याला विद्यावेतन. मला हाक आली ती त्या विद्यावेतनाची. मुलाखतीला मेट्रनबाईंनी विचारलं, ‘नर्स का व्हायचंय?’ मी म्हटलं, ‘रुग्णसेवा करायची आहे.’ त्या दिवशी आम्ही अकरा मुली होतो आणि अकराही जणी हेच म्हणाल्या. मेट्रनबाईंनी मान वर न करता ते लिहून घेतलं. त्यांनाही ठाऊक होतं आणि आम्हालाही.

साडेतीन वर्षांचं शिक्षण झालं आणि 1982 मध्ये मी सरकारी रुग्णालयात लागले. पहिली नाइट पुरुषांच्या मेडिकल वॉर्डला. खाटा 30, पेशंट 46, सोळा जण खाली सतरंजीवर. मी एकटी, एक मावशी आणि एक मामा. (बाहेरच्यांसाठी : आयाबाईंना मावशी आणि वॉर्डबॉयला मामा म्हणायची आपल्याकडच्या दवाखान्यांत रीत आहे.) शिकवताना आम्हाला इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष पाठ करायला लावला होता : शिकाऊ डॉक्टर असतात त्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक परिचारिका. तीन पाळ्या धरल्या तरी एका पाळीत नऊ पेशंट. मी त्या रात्री 46 जणांचं टीपीआर (ताप, नाडी, श्वास) घेऊन होईस्तोवर उजाडलं. सेवाभाव वगैरे मनात आला असेल तर मला आठवत नाही. पाय दुखत होते एवढं आठवतं. आणि रात्रभर दर पाच मिनिटांनी कुठून ना कुठून ‘सिस्टर!’ तुझ्या मॅडमना सांग, आमच्या बेरूफात हाकांना तोटा नाही, फक्त त्या आतून येत नाहीत, बेड नंबर सतराकडून येतात.

व्रताचं भाषण मीही 36 वर्षं ऐकलं. दर 12 मेला, म्हणजे फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जन्मदिवशी. त्या बाईबद्दल मला आदर आहे, म्हणून तिची पूर्ण गोष्ट तुला सांगते, कारण मंचावरून अर्धीच सांगतात. तिला खरोखरच हाक आली होती. 7 फेब्रुवारी 1837 ला, वयाच्या सोळाव्या वर्षी, देवानं आपल्याला सेवेला बोलावलं असं तिनं लिहून ठेवलंय. घरच्यांनी कितीतरी वर्षं विरोध केला. अखेर 1853 मध्ये लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरच्या एका छोट्या रुग्णालयाची ती प्रमुख झाली, बिनपगारी. कारण वडिलांनी तिला वर्षाला 500 पौंड लावून दिले होते. त्या काळात ही रक्कम म्हणजे ऐटीत राहण्याइतकी. मी काही तिची उणीदुणी काढत नाही. तो पैसा तिनं सत्कारणी लावला. पण व्रताचे दाखले देणाऱ्या पाहुण्यांनी ते 500 पौंडही सोबत सांगावेत.

पुढे इंग्लंडमध्ये परिचारिकांची परीक्षा घेऊन सरकारी नोंदणी करावी अशी चळवळ सुरू झाली, तेव्हा तिला विरोध करणाऱ्यांत नाइटिंगेल पुढे होती. तिचं म्हणणं, ही हाक आहे, तिची परीक्षा घेता येत नाही. नोंदणी मागणाऱ्या बायकांचं म्हणणं, परीक्षा नसेल तर कुणीही उठून स्वतःला नर्स म्हणवेल आणि पगारही तसाच मिळेल. नाइटिंगेल 1910 मध्ये गेली आणि नोंदणीचा कायदा 1919 ला झाला. तुझ्याकडे कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर आहे ना, तो त्या दुसऱ्या बायकांच्या भांडणाचा वंशज आहे. आणि हो, दिवा हातात धरून आपण जी शपथ म्हणतो, ती तिनं लिहिलेलीच नाही. 1893 मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटच्या एका नर्सिंग स्कूलमध्ये ती तयार झाली आणि तिला नाव मात्र नाइटिंगेलचं दिलं. हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. तोवर मी शेकडो मुलींकडून ती म्हणवून घेतली होती.

मला या ‘व्रत’ शब्दाचा राग का येतो, तर त्याच्या मागोमाग दुसरा शब्द येतो, ‘मानधन’. नोकरीला पगार असतो, सेवेला मानधन. गावोगावी वजनकाटा आणि पोषण आहार सांभाळणाऱ्या अंगणवाडीताई बघ. ती योजना 1975 च्या 2 ऑक्टोबरला सुरू झाली, तेव्हापासून त्या ‘सेविका’. 2005 नंतर आल्या त्या आशा तर ‘स्वयंसेविका’, म्हणजे स्वतःच्या खुशीनं! बाळंतपणाला रात्री दोन वाजता बाईबरोबर जीपमध्ये बसून जाणारी ती स्वयंसेविका, आणि त्याच रस्त्यावरच्या टोलनाक्यावर पावती फाडणारा मात्र कर्मचारी. अंगणवाडीताईंना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सांगायला सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल 2022 उजाडावा लागला. सत्तेचाळीस वर्षं त्यांचं कौतुक चालू होतं, हिशोब चालू नव्हता.

तुझ्या खासगीतल्या बहिणींचंही तेच. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्र सरकारनं एक समिती नेमली. तिनं शिफारस केली की 200 हून जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयात परिचारिकेला सरकारी दर्जाइतका पगार असावा, 100 च्या वर खाटा असतील तर फार तर दहा टक्के कमी, 50 च्या वर असतील तर पंचवीस टक्के कमी, आणि त्याहून लहान दवाखान्यातसुद्धा महिन्याला 20 हजारांच्या खाली नको. आता त्या कार्यक्रमातलं आठव. पाहुण्यांनी व्रत सांगितलं तेव्हा पहिल्या रांगेत व्यवस्थापनातलं कोण कोण बसलं होतं आणि सगळ्यात जोरात टाळ्या कुणी वाजवल्या?

तुझ्या रूममेटबद्दल. माझ्या बॅचमध्येही अशी एक होती. अकरा जणींत बहुधा तिचं एकटीचं उत्तर खरं असावं. पेशंटसाठी घरून भाताची पेज आणायची, बिनवारशी माणसाच्या अंत्ययात्रेला जायची, ड्युटी संपल्यावरही वॉर्डात घुटमळायची. सहा वर्षांत तिनं नोकरी सोडली. शेवटी शेवटी ती औषधांच्या ट्रेसमोर नुसती उभी राहायची, हात पुढे जायचा नाही. तू तुझ्या मैत्रिणीला हसू नकोस आणि तिचा हेवाही करू नकोस. ती जेवत नसेल त्या दिवशी डबा तिच्यापुढे सरकव.

हे लिहिताना मला सारखा मुंबईच्या केईएम रुग्णालयाचा वॉर्ड आठवतोय. 27 नोव्हेंबर 1973 ला तिथल्याच परिचारिकेवर, अरुणा शानबागवर, रुग्णालयातच हल्ला झाला आणि ती जी अंथरुणाला खिळली ती 18 मे 2015 ला गेली. साडेएकेचाळीस वर्षं तिथल्या परिचारिकांनी तिला भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं. 2009 मध्ये तिच्या दयामरणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा ‘ती आमची आहे, आम्ही सांभाळतो’ म्हणून त्याच उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत बेडसोअर (पडून पडून होणारी जखम) होऊ दिला नाही, याची चर्चा सगळीकडे झाली. लोक म्हणाले, केवढी माया! माया होतीच. पण बेडसोअर मायेनं टळत नाही, गं. दर दोन तासांनी कूस बदलल्यानं टळतो. रात्री दोन वाजताची कूस, चार वाजताची कूस, दिवाळीच्या पहाटेची कूस. शेवटच्या वर्षांत तिच्यापाशी असलेल्या कित्येक मुलींचा 1973 मध्ये जन्मही झालेला नव्हता. त्यांनी तिला कधी चालता-बोलताना पाहिलं नव्हतं. तरी कूस चुकली नाही, कारण पाळी कुणाची हे लिहिलेलं होतं आणि ओव्हर घेणारी विचारत होती. एकट्या माणसाच्या आतल्या हाकेवर साडेएकेचाळीस वर्षं निघत नाहीत. एकीचा ओलावा आटला त्या दिवशी दुसरी येते, कारण तिची ड्युटी असते.

तेव्हा ड्युटी संपली की संपली, याबद्दल मला तुला काही बोलायचं नाही. मालिका बघ.

पण एका गोष्टीबद्दल बोलायचं आहे आणि त्यात मी स्वतः गुन्हेगार आहे. रडू न येणं वेगळं, माणूस दिसेनासा होणं वेगळं. अर्धांगवायूचे एक आजोबा आमच्या वॉर्डात कितीतरी दिवस होते. वाचा गेलेली, नाकात भरवायची नळी, रायल्स ट्यूब. मी आणि दुसरी सिस्टर रोज त्यांच्या दोन बाजूंना उभ्या राहून चादर बदलायचो. एका हातानं त्यांना वळवायचं आणि तोंडानं भिशीचा हिशोब : यंदा कुणाला लागली, कुणी हप्ता थकवला, कुणी पैशांतून मिक्सर घेतला. काम चोख होतं हं, पाठीला एक डाग नव्हता. पुढे त्यांची वाचा हळूहळू परतली. एके सकाळी मी बीपीचा पट्टा बांधत असताना ते अडखळत, एकेक अक्षर जुळवत म्हणाले, ‘बाई... भिशी... शेवटी कुणाला लागली?’

हसले मी. स्टाफरूममध्ये जाऊन सगळ्यांना सांगितलं, सगळ्या हसल्या. घरी जाईस्तोवर हसू उरलं नव्हतं. इतके दिवस तो माणूस आमच्यामध्ये पडून आमची भिशी ऐकत होता आणि त्याला बोलायला एक शब्द नव्हता. त्या दिवसापासून बेशुद्ध माणसालासुद्धा मी आधी सांगायला लागले, ‘काका, आता डाव्या कुशीवर वळवते.’ मनात काही दाटून येत नव्हतं. सवय लावून घेतली, एवढंच. तू सांगतेस का? नसलीस तर उद्यापासून सांग.

आणि खरी हाक असलेली माणसं असतात, हेही मी नाकारणार नाही. आमच्या वॉर्डात एक मावशी होती, चौथी शिकलेली. रेल्वे पोलिसांनी आणून टाकलेल्या, केसांच्या जटा झालेल्या बेवारस बायकांना ती दुपारी ऊन खिडकीत आलं की बसवायची आणि स्वतःच्या पैशांनी आणलेलं खोबरेल लावून तासतासभर विंचरायची. कुणी सांगितलेलं नव्हतं. तिला मी एकदा विचारलं, ‘मावशी, हे कशाला?’ तर म्हणाली, ‘गुंता झालाय नव्हं.’ मला ते कधी जमलं नाही. कंगवा हातात घेतला की मला पुढची सहा कामं दिसायची. तिचा हेवा मात्र वाटायचा, अजूनही वाटतो. तिला 12 मेच्या कार्यक्रमाला कधी बोलावलं नाही, कारण ती परिचारिका नव्हती. आम्ही भाषण ऐकायचो तेव्हा ती खाली वॉर्ड सांभाळायची.

जर्मनीचं म्हणशील तर जा. कर्ज फेडायला जाणं यात लाजण्यासारखं काय? सीमेवरचा जवानही पगाराच्या तारखेची वाट बघतो. फक्त सही करण्याआधी नीट विचार : भाषेचा आणि तिकडच्या मान्यतेचा खर्च कोण करणार, मधेच सोडलं तर किती भरावे लागतील, मान्यतेचा कागद येईस्तोवर सहायक म्हणून पगार किती. आणि एक गोष्ट माझ्या भाचीकडून कळलेली. तिकडे मावशी-मामा नाहीत आणि पेशंटच्या खाटेशी बसलेले नातेवाईकही नाहीत. आंघोळ घालणं, भरवणं, पुसणं हे नर्सचंच काम. इथे आयसीयूत मॉनिटरवर हुकूमत गाजवणाऱ्या मुलींना तिथे पहिल्या महिन्यात अपमान वाटतो. तुला वाटणार नाही अशी आशा आहे. टाचा उचलून बघणारीला सहसा वाटत नाही.

रडण्याचं राहिलं. मी 36 वर्षांत ड्युटीवर दोनदा रडले. एकदा स्टोअरमध्ये, हातमोज्यांच्या इंडेंटवर (मागणीपत्रावर) तिसऱ्या दिवशीही सही मिळेना म्हणून. दुसऱ्या वेळचं सांगत नाही.

प्रश्न : आदरणीय सिस्टर, आमचा मुलगा 31 वर्षांचा. हिंजवडीत चांगल्या आयटी कंपनीत आहे. लग्न व्हायचंय. गेल्या वर्षभरात घरी पाव भाजायचा नाद लागला. आता नोकरी सोडून बेकरी काढतो म्हणतो. ‘बाबा, मला माझं काम सापडलं’ असं म्हणतो. मी स्वतः 33 वर्षं बँकेत काढली, मला काही सापडलं नाही, पण घर चाललं. त्याला कसं समजवावं?
— एक वडील, नाशिक

उत्तर : समजवू नका. तीन महिने बिनपगारी रजा काढायला सांगा आणि एखाद्या चालत्या बेकरीत, मालकाच्या हाताखाली, कामाला लावा. घरी रविवारी दोन पाव भाजणं आणि पहाटे तीनला उठून दोनशे भाजणं, मग ट्रे घासणं, उधारी मागणं, कामगार न येता त्याचा फोन येणं ही वेगळी कामं आहेत. आमच्याकडे नवी मुलगी ‘मला पेशंटची फार आवड आहे’ म्हणाली की आम्ही तिला पहिला आठवडा बेडपॅनवर घालायचो. बहुतेकींची आवड बुधवारपर्यंत टिकायची. ज्या शनिवारीही आल्या त्यांच्याशी मग आवडीचं बोलणं व्हायचं.

तेवढ्या काळात त्याच्या खात्यात घरखर्चाचे किती महिने शिल्लक आहेत हे मात्र तुम्ही बघा, ती तुमची बाजू. 33 वर्षं बँकेत तुम्हाला काही सापडलं नाही म्हणता. कॅश टॅली होईपर्यंत किती संध्याकाळी थांबलात, ते एकदा त्याला सांगा. पोरांना हे ठाऊक नसतं.

तीन महिन्यांनी मला पुन्हा लिहा. पाव जमला असेल तर पाठवलात तरी चालेल. फक्त मैद्याचा नको, मला शुगर आहे.